रापणीचं दुसरं टोक

बैठक तीन गावांची, आणि खुर्च्या मात्र एकाच गावाला! त्या खुर्चीवाल्या गावातल्याच तरुण हेमांगीला ते खटकलं. बर्फाअभावी तिन्ही किनाऱ्यांवर मासळी सडत होती, म्हणून बर्फाचा कारखाना मिळून काढायचा होता.

"कारखानो आमचो, नाव आमचा," तिच्या गावचे सरपंच मोंडकर मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तुमी फक्त वर्गणी काढा."

बाकीची दोन्ही गावं उठून निघाली. दार आपटलं तशी हेमांगी उठून मोंडकरांना म्हणाली, "काकानू, उद्या रापणीचा जाळा एकाच टोकान ओढा. मासळी गावली, तर कारखानो तुमचो!"

उरलेल्या गावकऱ्यांत हशा पिकला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं; एकाच टोकाने ओढलं तर मासळी निसटणार, हे पोरंही जाणत होती.

"मग दुसरा टोक कोण धरतलो?" तिने विचारलं.

मिशीवरचा हात खाली घेत मोंडकरच पुटपुटले, "धरतंय गो चेडवा, मी धरतंय. पयला टोक त्या दोन गावांका दे; बोलाव त्यांका परत."