हप्त्याच्या दिवशी हरतालिका

बोरखेडीच्या बचत गटातल्या पार्बताचा हप्ता चुकला, कारण पैसे लेकीच्या तापात गेले होते. कर्जवाल्या कंपनीचे ढवळेसाहेब तिचं शिलाई मशीन उचलायला आले आणि ऐन हरतालिकेच्या पूजेत ठाण मांडून बसले.

"गट म्हणजे एक जीव! एकीचं ते सगळ्यांचं! हप्ता किंवा मशीन मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही, मीसुद्धा नाही!"

पार्बता रडकुंडीला आली. जिच्या घरी पूजा मांडली होती त्या अनसूयाकाकूंनी गौरीला हात जोडले आणि साहेबांनाही कुंकू लावलं.

दुपारी साहेब कळवळले. "काकू, जरा चहा टाका."

"अगंबाई! आज निर्जळी उपास. एकीचं ते सगळ्यांचं ना? उद्या सकाळी सोडू आपण."

"निदान पाणी?"

"छे! नवरा चांगला मिळणार नाही हो तुम्हाला! आणि मधेच उठलात, तर नियम तुम्हीच मोडलात."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. साहेबांनी पार्बताला महिन्याची मुदत लिहून दिली आणि चहाच्या टपरीकडे धूम ठोकली.

गौरी पावली, मशीन घरीच राहिलं. आता वसुलीला निघण्याआधी साहेबांचा फोन येतो, "काकू, आज उपास नाही ना?"