चित्रातली शेळी

राजेलोक आपली चित्रं रंगवून घेत, त्या काळातली ही गोष्ट. एका रानात वाघराजाने मोठ्या खडकावर चित्र काढवून घेतलं. वाघ आणि शेळी एकाच तळ्यावर पाणी पिताहेत, असं ते चित्र होतं. त्यावर रॅपची स्पर्धा लागली. जिंकणारीचे बोल खडकावर कोरायचे होते आणि निकाल साळिंदरआजीने द्यायचा होता.

साळुंकीने पोकळ खोडावर ठेका धरला.

“वाघ नि शेळी, एकच पाणी,
धन्य राजा, धन्य कहाणी.”

टाळ्या पडल्या. मग टिटवी पुढे आली.

“वाघ म्हणे झालाय साधू,
पोटात भूक नि ओठांत जादू.”

टाळ्या दुप्पट पडल्या आणि राजाच्या मिशा थरथरल्या. आजीच्या मनात टिटवीच भरली होती. तरी निकाल देण्याआधी ती चित्राजवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

“दोघींचेही बोल वाघाबद्दलच आहेत,” ती म्हणाली. “ही शेळी कोण?”

गर्दीमागून एक रोडकी शेळी म्हणाली, “मीच ती, आजी.”

“पाणी गोड होतं का गं?”

“ठाऊक नाही. चित्र होईपर्यंत मान वाकवून उभी राहिले. तोंड लावू दिलं नाही.”

टिटवीने मान खाली घातली. आजीला राजाची भीती वाटत होती. तरी ती म्हणाली, “निकाल मागाहून. आधी हिला पाणी पिऊ द्या, मग हिचे बोल ऐकू.”

गर्दीने तळ्यापर्यंत वाट दिली. शेळी पोटभर पाणी प्यायली आणि सगळं रान तिच्यासाठी थांबून राहिलं.