फोनला ओठ कुठं असत्यात?

इचलकरंजीच्या तानूबाई बुगडांचा सगळा प्रॉव्हिडंट फंड शेअर दलाल रणभिसे यांनी न विचारता सौद्यांत उडवला. प्रकरण लवादापुढं गेलं.

"विचारलं नाही कसं? प्रत्येक सौद्याआधी मी स्वतः फोन केला आणि या 'घ्या' म्हणाल्या," रणभिसे टाय सावरत गरजले. "होय की नाही हो, आजी?"

"नाही," त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसलेल्या तानूबाई म्हणाल्या. "साहेब, ह्यांना भिंतीकडं तोंड करून हेच परत विचाराय सांगा."

लवादाच्या साहेबांनी मान डोलावली. रणभिसे हसत वळले आणि खोली दणाणेल असे ओरडले. तानूबाई शांतपणे चष्मा पुसत राहिल्या. ते परत वळल्यावर तानूबाईंनी विचारलं, "झालं विचारून?"

साहेब चकित झाले.

"तीस वर्षं मागावर कापड विणलं, साहेब. त्या खडखडाटात कान गेले, पर ओठ वाचाय शिकले. फोनला ओठ कुठं असत्यात?"

रणभिसे शेजारी बसलेल्या आपल्या वकिलाकडं बघून ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "म्हातारी भलतीच बेरकी निघाली."

"हे मात्र कळलं बरं का!" तानूबाई म्हणाल्या. "आता माझे पैसे कधी देताय, तेबी असंच तोंड इकडं करून सांगा."