भोपळ्याची फुले

एकदा एका नदीकाठच्या आश्रमातले आचार्य तीर्थयात्रेला निघाले आणि जाताना मळ्याचा कारभार त्यांनी एका तरुण शिष्यावर सोपवला. शिष्य कष्टाळू, टापटिपीचा. बांधावर माजलेली झुडपे आणि पोकळ झालेले एक वाळके झाड त्याच्या डोळ्यांत खुपत असे. उन्हाळ्यात त्याने सारा बांध पेटवून दिला, खणून सपाट केला. येणारेजाणारे म्हणाले, "मळा कसा लख्ख दिसतो!" शिष्य सुखावला.

पावसाळ्यात भोपळ्याचे वेल पसरले, फुलांनी पिवळे झाले. पण फळ काही धरेना. बोराएवढे भोपळे गळून पडू लागले. शिष्याने खत घातले, आळी मोकळी केली. उपयोग शून्य. आश्रमातल्या मुलांच्या ताटात काय वाढायचे, या काळजीने त्याचे जेवणावरचे मन उडाले.

आचार्य परतले. दुसऱ्या दिवशी पहाटेच ते मळ्यात वाकलेले दिसले. एक फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा तुरा दुसऱ्या फुलात हळुवार फिरवायचा, असे त्यांचे चालले होते. शिष्याला वाटले, गुरुजींना वयोमानाने भ्रम झाला.

"गुरुजी, हे काय?"

"नर फुलातले पराग मादी फुलाला देतोय. तूही लाग."

शिष्य लागला. मळ्याचा एक कोपराही पुरा झाला नाही, तोच ऊन चढले आणि फुले मिटली. कंबर धरून त्याने विचारले, "आजवर हे कोण करत होते?"

आचार्यांनी बोडक्या बांधाकडे पाहिले. "तिथल्या मातीत घर करणाऱ्या मधमाश्या. वाळक्या लाकडातले भुंगे. आणखीही कितीतरी, ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत. त्यांनी मजुरी मागितली नाही, म्हणून तिथे कोणी राबते आहे हे आपल्या ध्यानी आले नाही. जीव नाहीसा होताना आवाज होत नाही, बाळ. त्याचे काम तेवढे मागे उरते. आणि त्यातले पुष्कळसे माणसाच्या हाताला साधत नाही."

"बांध पुन्हा वाढू दिला, तर येतील?"

"काही येतील. जे फक्त इथेच होते, ते नाहीत."



त्या वर्षी हाताने पराग दिलेल्या फुलांचेच काय ते भोपळे लागले. त्याच सुमारास शेजारचा शेतकरी कुऱ्हाड घेऊन आपल्या बांधावरची झुडपे तोडायला निघाला. शिष्य धावत जाऊन त्याच्या वाटेत उभा राहिला. "काका, उद्या पहाटे आमच्या मळ्यात या. मग काय ते ठरवा."

शेतकरी आला, बोडक्या बांधाची गोष्ट ऐकत ऊन चढेपर्यंत शिष्यासोबत फुलांवर वाकून राहिला. घरी जाताना वाटेत आपल्या बांधापाशी थांबला. झुडपांत गुणगुण चालू होती. ती ऐकत तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.