मान्यता नसलेली सही

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका देशाला स्वतःचा झेंडा होता, पोलीस होते, तीस वर्षांची शांतता होती. नव्हती ती फक्त जगाची मान्यता. तिथल्या खाण खात्याची प्रमुख होदान अब्दी. तिच्यासमोर एका परदेशी कंपनीचे ब्रॅडवेलसाहेब गुंतवणुकीतला धोका जोखायला येऊन बसले होते. कंपनीला तांब्याचा अख्खा डोंगर नव्वद वर्षांसाठी हवा होता आणि होदानला त्याच्या पैशातून बाळंतिणींसाठी इस्पितळ. तिची थोरली बहीण बाळंतपणात इस्पितळ गाठण्याआधीच वाटेत गेली होती.

साहेबांनी करार पुढे सरकवला. "मॅडम, शेजारच्या देशाला नफ्यातला जेवढा हिस्सा देतो, त्याचा चौथा भाग तुम्हाला मिळेल. तुम्हाला कोणी देशच मानत नाही. उद्या वाद झाला, तर तुमच्या सहीला कोण विचारणार?"

खात्यातले सगळे खाली मान घालून बसले. होदानने करार शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "मग ती सही तुम्ही मागता कशाला, साहेब? जी सही अख्खा डोंगर द्यायला पुरते, ती पुरा भाव मागायलाच कशी अपुरी पडते?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी कागद आवरले आणि दुसऱ्या दिवशीचं विमान पकडलं.

महिन्याभराने त्यांचा अहवाल होदानच्या हाती आला. 'गुंतवणुकीला वाव भरपूर. धोका मोठा: इथले अधिकारी वाचल्याशिवाय सही करत नाहीत.'

खात्यात दिवसभर हशा पिकला. होदान हसली नाही. डोंगर वाचला होता, पण त्या आठवड्यात आणखी दोन बाळंतिणी वाटेतच गेल्या होत्या.