ठकू पाथरवटीण आणि कुहकाचा पडदा

एका राज्यात एक पडदा होता, आणि सगळ्या राज्याची अक्कल त्या पडद्यापाशी गहाण पडली होती. ऐकून राग येतोय? येऊ द्या. मला तर सांगतानाच येतोय.

पडदा सात ताड उंच, दुधासारखा पांढरा. कुहक नावाच्या जादूगारानं तो राजवाड्यासमोरच्या मैदानात टांगला होता. भर उन्हातही त्यावर माणसं चालत, बोलत, लढत. कुणी पराक्रम केला की दसऱ्यापासून तो रोज पडद्यावर दाखवायचा, आणि पडद्यावर दिसलं तेच खरं मानायचं, अशी राजा भूपसेनाची आज्ञा होती.

त्याच राज्यात ठकू पाथरवटीण राहायची. बुटकी, नाक बसकं, तोंडावर देवीचे वण. 'जात्याला टाकी लावून घ्या, टाकी!' असं ओरडत ती दारोदार हिंडायची आणि बोथट जाती छिन्नी-हातोडीनं ठोकून पुन्हा खरखरीत करून द्यायची. दोनदा भेटली तरी तिसऱ्यांदा ओळखू येणार नाही, असा चेहरा. पण तीन वर्षांपूर्वी राज्याची नदी आटली, तेव्हा ती वाहती केली या बाईनं.

नदीचा उगम काळ्या डोंगरातल्या गुहेत. तिथं एक यक्ष शापित खजिना राखत बसला होता. शस्त्र घेऊन जाईल तो दगड होई, आणि खजिन्याला कुणी हात लावला की पाणी आटे. एकोणीस वीर गेले, एकोणीस दगड झाले. ठकू गेली ती पिशवीत छिन्नी घेऊन. यक्ष म्हणाला, "माझं जातं हजार वर्षं बोथट आहे. टाकी लाव." तिनं लावली. "त्यावर जोंधळे दळ." तिनं दळले. "आता मला भाकरी करून वाढ, आणि खजिन्याकडे न बघता परत जा." तिनं वाढली, पाठ फिरवली, घरची वाट धरली. तिच्या मागून नदी आली.

आता पडद्यावर काय दिसलं ते ऐका. दिसला रूपसेन नावाचा नट. उंचापुरा, भरदार छातीचा, वाऱ्यावर केस उडताहेत. त्यानं तलवार उपसली, डरकाळी फोडली, तीन उड्या मारल्या, सुळेवाल्या यक्षाचं मुंडकं उडवलं आणि खजिन्यातला मुकुट डोक्यावर चढवून बाहेर आला. ठकूही होती हो पडद्यावर! गुहेबाहेर त्याचा घोडा धरून उभी राहिलेली म्हातारी, ती ठकू. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

ठकू म्हणाली, "पाणी आलं ना? मग झालं." इथंच चुकली बाई. खोट्याला एकदा 'असू दे' म्हटलं, की ते घरात शिरून पाट मांडून बसतं.

ते बसलं तिच्या लेकीच्या डोक्यात. आवडी वीस वर्षांची, रोज पडदा बघायला जायची. एकदा ठकूनं तिला खरं काय ते सांगितलं, तर पोरगी पोट धरून हसली. "आई, तू? पाल दिसली तर ओट्यावर चढतेस तू!"

इकडे स्वतःच दाखवलेलं खोटं राजालाही खरं वाटू लागलं होतं. यक्ष मेला म्हणजे खजिना आपलाच, म्हणून त्यानं हमाल पाठवले आणि पेट्या उचलून आणल्या. तिसऱ्या दिवशी नदीत चिखलसुद्धा उरला नाही.

नदी परत आणायच्या पैजेचा विडा दरबारात ठेवला गेला. सगळ्यांच्या माना रूपसेनाकडे वळल्या. रूपसेन अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. तेव्हा आवडी पुढे झाली.

"मी जाते, महाराज. कसं करायचं ते शंभर वेळा पाहिलंय मी."

तिनं विडा उचलला, तलवार घेतली, गेली.

ठकू परगावाहून आली तेव्हा दारावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "ठकू, तुझी लेक गुहेत दगड होऊन उभी आहे. तलवार वर उगारलेली, तोंड उघडं. डरकाळी अर्धीच राहिली."

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती दरबारात शिरली. पहारेकऱ्यांनी अडवलं नाही, कारण ती त्यांच्या ध्यानातच आली नाही.

"महाराज, माझी लेक परत द्या."

"तू कोण?"

"तीन वर्षांपूर्वी तुमची नदी आणली, ती मी."

राजानं कुहकाकडे पाहिलं. कुहक शांतपणे म्हणाला, "खरं आहे, महाराज. नदी हिनंच आणली. पण हिला कोण बघणार? लोकांना देखणा माणूस लागतो."

"लागतो ना? मग पाठवा की त्या देखण्याला गुहेत, मेल्यांनो!" ठकू कडाडली. "माझ्या जागी त्याला उभं केलंत, खुशाल करा. पण तलवार का दाखवलीत? तलवार नेणारा दगड होतो हे माहीत असून का दाखवलीत?"

"भाकरीला टाळ्या पडत नाहीत, बाई," कुहक म्हणाला.

ठकूनं हातोडी उचलली होती. ती त्याच्या टाळक्यात बसायची, पण लेक गुहेत उभी होती. ठकू वळली आणि डोंगराकडे चालू लागली.

गुहेत आवडीच्या गालावर तिनं हात ठेवला. गार. पलीकडे यक्ष फुगून बसला होता.

"ठकू, मला सुळे आहेत?"

"नाहीत."

"मी माणसं खातो?"

"तू भाकरी खाल्लीस. दुसरी मागून घेतलीस."

"मग तुमच्या राज्यात माझं मुंडकं रोज का उडतं? साळुंकी सांगते मला सगळं."

"मी गप्प बसले म्हणून," ठकू म्हणाली. "चूक माझी. माझ्या पोरीला सोड."

यक्षानं तीन अटी घातल्या. खजिना जागच्या जागी यावा. रूपसेनानं आपल्या तोंडानं खरं सांगावं. आणि गुहेत जे घडलं ते जसंच्या तसं पडद्यावर दाखवावं. "सगळ्यांनी ते अखेरपर्यंत बघावं. मधूनच एक जरी माणूस उठून गेला, तर तुझी लेक जन्मभर दगड."

घशाला कोरड पडली की राजेही शहाणे होतात. भूपसेनानं पेट्या परत धाडल्या. रूपसेन मैदानात उभा राहून म्हणाला, "मी ती गुहा पाहिलेलीसुद्धा नाही." आवाज त्याचा बारीक होता. पडद्यावरची डरकाळीही दुसऱ्याचीच होती. एवढं बोलून तो पहिल्या रांगेत मांडी घालून बसला.

आवडीला बैलगाडीतून आणून पडद्यासमोर उभं केलं. कुहकानं मंत्र म्हटला आणि ठकूचा चेहरा सात ताड उंच दिसू लागला, देवीच्या वणांसकट. लोक फिदीफिदी हसले.

टक् टक् टक्. जात्याला टाकी. पहिला प्रहर सरला, टक् टक् चालूच. जांभया सुरू झाल्या. दुसऱ्या प्रहरी जातं फिरू लागलं, घर्रर्र, घर्रर्र. एक पोटसुटा सावकार धोतर झटकून उठला.

"ह्यात बघायचं काय? हे तर आमच्या घरी रोज चालतं!"

"खाली बस!" ठकू ओरडली. "तुझ्या घरी रोज चालतं, म्हणून तर कधी बघितलं नाहीस. उड्या बघायला जीव जातो तुमचा. तीन वर्षं ह्याच नदीचं पाणी प्यालात, तेव्हा नाही कंटाळा आला? माझी लेक उभी आहे तिथं दगड होऊन, तुमच्या टाळ्यांपायी! पाऊल उचल तू, मग बघतेच मी!"

रूपसेनानं सावकाराचा सोगा धरून त्याला खाली बसवलं. मग कुणी उठलं नाही.

तिसऱ्या प्रहरी पीठ मळलं गेलं. भाकरी थापली, तव्यावर पडली, फुगली. मागचे लोक माना उंचावून बघू लागले. पडद्यावरच्या ठकूनं भाकरी यक्षापुढे ठेवली आणि पाठ फिरवली. तेवढ्यात आवडीच्या हातून तलवार गळून पडली. तिकडे डोंगरातले एकोणीस वीर आळोखेपिळोखे देत उठले, आणि नदी दोन्ही काठ भरून धावत आली.

राजानं नवा रिवाज घातला. ज्याचा पराक्रम, त्यानं आधी पाहून 'होय, असंच घडलं' म्हणावं, तेव्हाच तो पडद्यावर यावा. कुहकाला पाणी भरायच्या कामावर लावलं, आणि राज्य पुन्हा सुरळीत चाललं.

पण त्या दिवशी मैदान रिकामं झालं तरी आवडी पडद्यासमोरून हलली नाही. सगळ्यात आधी तिचे डोळे जिवंत झाले होते, आणि तेव्हा पडद्यावर आईचे हात भाकरी वाढत होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझे हात किती कापत होते गं."

"कापणारच," ठकू म्हणाली. "समोर यक्ष बसला होता."

आवडीनं ते हात धरले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत.