थोरल्या काठीचा आडोसा

काठ्यालाकडांनाही वाचा होती, तेव्हाची गोष्ट. हौसाबाईच्या परसात बाभळीच्या तीन काठ्या राहायच्या. घारीच्या धाकानं कोंबडीनं त्यांना विनवलं, "माझ्या पिलांपुरता आडोसा उभा करा गं."

थोरली ऐटीत जमिनीवर आडवी झाली. मधली आणि धाकटी तिच्या दोन टोकांना पाय रोवून एकमेकींकडे झुकल्या. पण डोकी काही भिडेनात.

धाकटी दमून म्हणाली, "अक्का, तुझी टोकं थोडी बाहेर राहू दे. आम्ही पाय आत घेतो."

"म्हणजे माझी लांबी फुकट? वाका अजून!"

वाकता वाकता दोघी थोरलीच्या अंगावरच आडव्या झाल्या, तेव्हा कुठं डोक्याला डोकं लागलं. दोघी मिळून बरोब्बर तिच्याएवढ्याच भरल्या.

"जमलं की नाही?" थोरली म्हणाली.

कोंबडीनं भोवती चक्कर मारली. "बायांनो, पण मी शिरू कुठं?" असं पुटपुटत ती पिलांना घेऊन निघून गेली.

धाकटीच्या अंगात उठायचंही त्राण उरलं नव्हतं. संध्याकाळी हौसाबाईनं सरपण समजून तिघींना उचललं. थोरली चुलीत मावेना, म्हणून गुडघ्यावर धरून तिचे आधी दोन तुकडे केले.

धाकटी थकल्या आवाजात म्हणाली, "आता उभा राहिला असता बघ आडोसा, अक्का."